पोहे नावाची फांदी

माझी सून लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आली, तेव्हा साताऱ्याची माझी थोरली बहीण नेमकी मुक्कामाला होती. बहिणीनं कौतुकानं विचारलं, "मराठी येतं का गं तुला?" पोरीनं मान खाली घालून नम्रपणे उत्तर दिलं, "नाही आत्या, मला मराठी आवडत नाही." बहिणीचा चेहरा पडला. मी आणि बायको मात्र हसू दाबत होतो, कारण आम्ही बडोद्याचे. गुजरातीत ‘आवडतुं नथी’ म्हणजे ‘येत नाही’. बिचारी खरं तेच सांगत होती.

पुढच्या चार वर्षांत तिचं मराठी सुधारलं, म्हणजे आमच्यासारखंच झालं, निम्मं गुजराती, ‘ना’च्या जागी ‘ने’. ती बडोद्यातल्याच अकोट्याची, गुजराती घरातली. आम्ही तरसालीला राहतो, एकाला एक चिकटून असलेल्या घरांच्या सोसायटीत. खाली आम्ही दोघं, वर मुलगा आणि सून. मुलगा हालोलच्या कारखान्यात आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, दिवेलागणीला परत येतो. सून घरूनच काम करते. तिची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुणाची तपासणी कधी, कुठल्या डॉक्टरकडे, कितव्या नंबरवर, असं सगळं सांभाळणारं. जेवणाच्या टेबलापाशी नेट चांगलं येतं म्हणून ती दिवसभर खालीच बसते. मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचतो नाहीतर कुणाचा तरी बिघडलेला मिक्सर उघडून बसतो. कोयलीच्या रिफायनरीत तीसेक वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. दाब, तापमान, पातळी दाखवणारी यंत्रं खरं बोलतात की नाही, हे बघणं एवढंच माझं काम. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून मिक्सर.

मी सांगतोय ती गोष्ट जानेवारीतली. पण त्याआधी श्रावणातलं सांगावं लागेल.

त्या श्रावणात सुनेचा सातवा महिना संपत आला होता. डोहाळजेवण आमच्या पद्धतीनं करायचं की त्यांच्याकडचा खोळो भरायचा, यावर दोन्ही घरच्या बायकांची फोनवर गोड भांडणं चालली होती. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. मी माझ्या परीनं तयारीला लागलो होतो. दिवाणखान्यातल्या टीपॉयचे चारही कोपरे कानशीनं घासून गोल केले. रांगणाऱ्या मुलाचं कपाळ बरोबर त्या उंचीवर येतं. बायको म्हणाली, "अहो, रांगायला अजून वर्ष आहे." मी म्हटलं, "पॉलिशला वेळ लागतो."

मग एका दुपारी सुनेच्या पोटात दुखायला लागलं. संध्याकाळी दवाखान्यात नेलं. मुलगी होती. जिवंत नव्हती.

सून दीड महिना अकोट्याला आईकडे राहिली, मग परत आली. रजा वाढवत राहिली. घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. बायको तिला वेळेवर खायला घालायची, डोक्याला तेल लावायची, पण तीही बोलायची नाही. मुलगा तर मुळातच कमी बोलणारा. आणि मी? मी तिच्याशी बोलायचो ते एवढंच: कुरिअर आलंय, चहा घेणार का, गॅसवाला येऊन गेला. आपण काही बोललो तर तिची जखम उघडी पडेल, असं मला वाटायचं. टीपॉयला पॉलिश करायचं राहिलं. चार पांढरे गोल कोपरे तसेच होते आणि आम्ही सगळे त्यांच्या बाजूनं वळून जायचो.

उत्तरायण होऊन आठवडा झाला होता. समोरच्या कडुनिंबात पतंग आणि मांजाची गुंतवळ लटकत होती. सून सोमवारपासून कामावर रुजू झाली होती. गुरुवारी सकाळी नाश्त्याला पोहे झाले, बायको भाजी आणायला गेली, आणि मी स्टूलवर मिक्सर ठेवून त्याचे स्क्रू काढत बसलो.

थोड्या वेळानं माझ्या कानाला काहीतरी खटकायला लागलं. टेबलाकडून दोन बटणांचा आवाज येत होता. टक्, आणि मग जरा जोरात टक्क. जरा वेळ शांत. पुन्हा टक्, टक्क. काम चालू असताना बटणांचा आवाज पावसासारखा असतो, एकसारखा. हा आवाज वेगळा होता. कुणीतरी तेच तेच करून बघतंय आणि ते होत नाहीये, असा. आमच्या कंट्रोल रूममध्ये हा आवाज आला की मी न बोलावता उठायचो.

त्या दिवशी मात्र उठलो नाही. मला त्यातलं काय कळणार?

मग तिनं फोन लावला. तिचा वरिष्ठ बंगळुरूला बसतो. तिच्याहून वयानं लहान, पण बोलण्यावरून भला माणूस वाटतो. फोन स्पीकरवर होता. तो हिंदीत म्हणाला, "मेरे यहाँ तो उसी नाम से बन रही है. आपके यहाँ ही कुछ अटका है." त्यानं तिला दोन-तीन गोष्टी करायला लावल्या. काही झालं नाही. शेवटी म्हणाला, "एक काम करो, पूरा फोल्डर उड़ा दो, नये से ले लो. दस मिनट लगेंगे. इसमें टाइम मत गँवाओ."

तिनं "जी" म्हणून फोन ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, मी राजीनामा देऊन देऊ?"

मी स्क्रू हातात धरून बसलो. "काय झालं बेटा?"

"काही नाही झालं. तेच तर. फांदी बनवायची आहे, ब्रँच. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात, पप्पा. नवीन मुलं पण करतात. सकाळपासून मी तेवढं पण नाही करू शकली. पाच वाजता मीटिंग आहे. मी सगळी विसरून गेली. डोकंच नाही राहिलं माझं."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी बायकोची वाट बघत बसलो असतो. ती अगदी सपाट आवाजात बोलत होती, आणि त्या आवाजाची मला भीती वाटली. मी मिक्सर बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

"मला सांग बरं, फांदी म्हणजे काय ते."

"तुम्ही कंटाळाल."

"मी तीस वर्षं गेजचे काटे बघितलेत. मला कंटाळा येत नाही."

तेव्हा ती किंचित हसली आणि सांगायला लागली. सगळ्यांचं मिळून एक मुख्य काम असतं. त्यात कुणी थेट हात घालायचा नाही. काही बदल करायचा तर त्याची एक फांदी काढायची, आपापल्या कॉम्प्युटरवर, आणि तिच्यावर काय ते करायचं. जमलं तर मुख्य कामात मिळवायचं, नाही जमलं तर खोडाला धक्का लागत नाही. मी म्हटलं, हे तर आमचं बायपास झालं. मुख्य लाइन चालू ठेवायची, बाजूनं पाइप वळवून घ्यायचा आणि निवांत व्हॉल्व्ह खोलायचा. ती म्हणाली, "हां, तसंच काहीतरी."

तिला काढायची होती त्या फांदीचं नाव होतं रिमाइंडर, मग एक तिरकी रेघ, मग गुजराती. पेशंटना तपासणीच्या आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जातो, तो गुजरातीतून पाठवायचं काम.

"आता परत कर. मला बघू दे."

तिनं टक्, टक्क केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. पहिलाच शब्द वाचून मी दचकलो.

"फेटल? कोण गेलं?"

"काय?"

"आमच्याकडे फेटल म्हणजे अपघातात माणूस गेला."

"नाही पप्पा, हा असाच बोलतो. जरा काही झालं की फेटल." मग ती पडद्याकडे बघत म्हणाली, "सकाळपासून मी बस तेवढाच शब्द वाचते."

मी तिला आमच्याकडची जुनी प्रश्नावली विचारली. कालपर्यंत चालत होतं का? माहीत नाही, परतल्यावर फांदी पहिल्यांदाच काढतेय. दुसऱ्या कुणाकडे चालतं? हो, वरिष्ठाकडे, त्याच नावानं. म्हणजे बिघाड या एकाच कॉम्प्युटरवर. मग मी विचारलं, "दुसरी कुठली फांदी निघते का इथे?"

"दुसरी म्हणजे?"

"कुठलीही. दुसरं काहीतरी नाव दे."

"काय नाव देऊ?"

टेबलावर सकाळची बशी होती. "पोहे," मी म्हटलं.

तिनं पोहे टाइप केलं आणि बटण दाबलं. फेटल आलं नाही. पोहे नावाची फांदी झटक्यात तयार झाली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण श्रावणानंतर तसं काही मी पाहिलं नव्हतं. "निघाली," ती म्हणाली.

"तुझा हात चांगला आहे, कॉम्प्युटर पण चांगला आहे. भानगड त्या नावात आहे. आता ती फेटलवाली ओळ परत आण आणि पूर्ण वाच."

"वाचली ने, पप्पा. लॉक होत नाही म्हणतो. सर पण तेच म्हणाले, लॉक अटकलंय."

"तुझ्या सरांनी ओळ कुठे बघितली?"

"मी फोटो पाठवला."

खिडकी अरुंद होती. ओळ उजव्या कडेला तुटली होती आणि फोटोतही तेवढीच गेली होती. तिनं खिडकी रुंद केली. मला ती भाषा सवयीची नाही, त्यामुळे मी एकेक शब्दावर बोट ठेवत, शाळेतल्या मुलासारखा मोठ्यानं वाचत गेलो. कॅनॉट लॉक, मग ते लांबलचक नाव, आणि शेवटी, जिथे सकाळपासून कुणाची नजरच पोचली नव्हती तिथे, लिहिलं होतं: ‘रिमाइंडर’ एक्झिस्ट्स, कॅनॉट क्रिएट.

"एक्झिस्ट्स म्हणजे आहे," मी म्हटलं. "तो म्हणतोय, रिमाइंडर नावाचं काहीतरी इथे आधीच आहे."

"पण मी तर रिमाइंडर-गुजराती बनवते. नुसतं रिमाइंडर कुठे..."

"ही मधली तिरकी रेघ कशाला असते?"

"ती फोल्डरसाठी. रिमाइंडर फोल्डर, त्याच्या आत गुजराती." एवढं बोलून ती थांबली. मग सावकाश म्हणाली, "फांदी म्हणजे आत एक फाइल असते, पप्पा. रिमाइंडर नावाची फाइल असेल तर त्याच नावाचा फोल्डर त्याच जागी नाही बनत."

"म्हणजे रिमाइंडर नावाची फांदी आहे कुणाची तरी."

"पण सरांकडे नाही. कुणाकडेच नाही."

तिनं फांद्यांची यादी काढली. पडद्यावर तीनच नावं आली. मुख्य, पोहे, आणि रिमाइंडर.

तिनं त्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. "ही माझी आहे," ती म्हणाली. "ही मी काढली होती."

सोमवारी परतल्यावर वरिष्ठानं फोनवर सांगितलं तसं तिनं मुख्य कामावर जाऊन सगळं ताजं करून घेतलं होतं. त्याआधी आपण कुठल्या फांदीवर होतो, हे तिनं बघितलंच नव्हतं. ही फांदी तिनं कधी कुणाकडे पाठवलीही नव्हती. ती फक्त या लॅपटॉपवर होती, आणि लॅपटॉप पाच महिने कपाटात.

"उडवून टाकते," ती म्हणाली आणि भराभर टाइप केलं. कॉम्प्युटरनं नकार दिला. या वेळी ओळ तिनंच मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचली. "म्हणतो, यातलं काम अजून कशात मिळवलेलं नाही. खात्री असेल तर मोठा डी लिहा." तिचं बोट शिफ्टच्या बटणावर गेलं.

"थांब," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिला माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगितली. तेव्हा मी मकरपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात होतो. एका टाकीचा गेज चुकीचं दाखवतो असं वाटून मी तो काढला, भंगारात टाकला आणि नवा बसवला. नव्याचा काटाही तिथेच येऊन थांबला. टाकी खरोखरच तेवढी भरलेली होती. पण जुन्या गेजच्या काचेवर आमच्या उस्तादानं वर्षानुवर्षं बारीक खुणा केल्या होत्या, कुठल्या ऋतूत काटा कुठे राहतो त्याच्या. त्या मी न बघता घालवल्या. उस्ताद रागावला नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

"काढायची तर काढ," मी म्हटलं. "फक्त आत काय आहे ते बघून काढ."

तिनं शिफ्टवरचं बोट उचललं. त्या फांदीवर गेली. प्रत्येक वेळी काम साठवताना एक छोटी टीप लिहायची असते, त्या टिपा खालून वर अशा पडद्यावर आल्या. सगळ्यात वरची, म्हणजे शेवटची, गुजरातीत होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. ‘अधूरुं छे. काले.’ अपुरं आहे. उद्या. शेजारी तारीख आणि वेळ होती. ती तारीख आमच्या घरात कुणाला सांगावी लागत नाही. वेळ दुपारची, तीन वाजून गेल्यानंतरची.

मला वाटलं, मी चूक केली. तिला उडवू द्यायला हवं होतं.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "दोन वाजता दुखायला लागलं होतं. मला वाटलं गॅस आहे. हे थोडंसं राहिलं होतं, म्हटलं पूर्ण करून उठते. एक तास बसली मी, पप्पा. एक तासाच्या वर. इथेच, याच खुर्चीत. मम्मींना पण नाही सांगितलं." मग तिचा आवाज बदलला. "दोन वाजता उठली असती तर ती असती ने?"

साडेपाच महिने ती हे घेऊन वावरत होती. जेवताना, कपडे वाळत घालताना, माझ्या हातून चहाचा कप घेताना. आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी तिला माहीत नव्हती.

त्या दिवशी डॉक्टरबाई बाहेर येऊन मुलाशी आणि माझ्याशी बोलल्या होत्या. सून आत गुंगीत होती. नंतर तिला हे सांगायचं कुणी, कधी, यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता नको. तो विषयच नको." मला ते पटलं होतं. दवाखान्याचे कागद त्यानं कपाटात वर ठेवून दिले. तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

"बेटा, ऐक," मी म्हटलं. "डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं होतं. पोरीचे ठोके आदल्या दिवशीच थांबले होते. निदान आदल्या दिवशी. तुझं दुखायला लागलं ते त्यानंतर. तू दोन वाजता उठली असतीस, सकाळी उठली असतीस, तरी काही होणार नव्हतं. त्यांनी दोनदा सांगितलं हे. मी तिथे उभा होतो."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "आदल्या दिवशी?"

"हो."

"मग मला कळलं कसं नाही?"

"मीही हेच विचारलं त्यांना. म्हणाल्या, पुष्कळ बायकांना कळत नाही. आईची चूक नसते त्यात."

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"मला आणि त्याला. तुला दुखेल म्हणून बोललो नाही. चुकलं आमचं. तुला पहिल्या आठवड्यातच सांगायला हवं होतं."

ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं आणि रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्याकडे सासरा सुनेच्या पाठीवर असा हात ठेवत नाही. मी ठेवला आणि तसाच ठेवून बसलो.

बायको मेथीची पिशवी घेऊन दारात आली ती तशीच उभी राहिली. मला खुणेनंच विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, असू दे. तिनं पिशवी खाली ठेवली, सुनेचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, आणि मी उठून चहा टाकायला गेलो. आमच्या घरी चहा टाकायला मी जातो म्हणजे काहीतरी मोठं घडलंय, असं समजायचं. आलं जास्त पडलं. तिघांनीही तो चहा तसाच प्यायला.

चहा झाल्यावर सून तोंड धुऊन आली आणि परत लॅपटॉपसमोर बसली. बायको म्हणाली, "अगं, राहू दे आज." ती म्हणाली, "नाही मम्मी, पाच वाजता मीटिंग आहे." नाक चोंदलेलं होतं, पण आवाज सपाट नव्हता.

तिनं जुनी फांदी उडवली नाही. तिचं नाव बदललं, पुढे ‘जुनी’ असं लावलं. रिमाइंडर ही जागा मोकळी झाली. मग सकाळचीच ओळ पुन्हा लिहिली, आणि या खेपेला नवी फांदी काही कुरकुर न करता निघाली. काम मिनिटाचं होतं.

"पोहे उडवू?" तिनं विचारलं.

"उडव. पोह्यांत काही नाही."

बायको आम्हा दोघांकडे बघायला लागली. "कुठले पोहे उडवताय?" आम्ही हसलो. तिला समजावून सांगितलं तरी तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही की कॉम्प्युटरमध्ये पोहे होते.

दुपारी वरिष्ठाचा फोन आला. सुनेनं त्याला सांगितलं की फोल्डर उडवला असता तर आधीचं काम कायमचं गेलं असतं, आणि जुन्या फांदीवर मेसेज पाठवण्याचा निम्मा भाग तयारच आहे, तो नवीन कामात वापरता येईल. तो खूश झाला. कसं सापडलं, विचारलं. ती म्हणाली, "मेरे ससुरजी ने पकड़ा." पलीकडून तो मनापासून हसला. त्याला ती थट्टा वाटली असावी.

संध्याकाळी मुलगा आल्यावर मी त्याला अंगणात बाजूला घेतलं आणि सांगितलं की मी तिला सगळं सांगितलंय. तो चिडला. "बाबा, मला विचारायचं तरी." मी म्हटलं, "विचारायला वेळ नव्हता." तो बॅग खांद्यावर तशीच ठेवून वर गेला. बराच वेळ दोघं खाली आली नाहीत. मग कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मला कळलं की कागद खाली निघालेत. जेवायला आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते. मुलानं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाला, "बरं केलंत." तोही ते एकट्यानं उचलून चालला होता, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

गुजरातीचं काम महिन्याभरात झालं. नंतर एके दिवशी सून वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. बडोद्यात मराठी पेशंट पुष्कळ, त्यातले म्हातारे तर इंग्रजी मेसेज वाचतच नाहीत, तेव्हा मराठीही घालायचं तिनं सरांकडून मंजूर करून घेतलं होतं. "पप्पा, लिहा ने. साधं पाहिजे."

साधं लिहायला आम्हाला तीन दिवस लागले. मी लिहिलं, ‘आपली तपासणी उद्या सकाळी आहे. विसरू नये.’ बायको म्हणाली, "विसरू नये काय? तुम्ही काय हेडमास्तर आहात? आजारी माणूस वाचणार आहे ते." मग ‘कृपया लक्षात ठेवावे’ आलं, ते सुनेला समजलं नाही. मग ‘येताना जुने कागद आणा’ हे घालायचं की नाही यावर वाद झाला. शेवटी बायकोचंच वाक्य राहिलं: ‘उद्या तुमची तपासणी आहे. सावकाश या, सोबत कुणाला तरी घेऊन या.’ सुनेनं ते दोनदा वाचलं आणि तसंच्या तसं उतरवून घेतलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही चौघं मटार सोलत बसलो होतो. मुलगा टीव्हीवर कसली तरी मॅच बघत होता आणि पातेल्यापेक्षा तोंडातच जास्त दाणे टाकत होता. सून मध्येच म्हणाली, "मी तिचं नाव ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं." मुलानं टीव्हीचा आवाज बंद केला. तिनं नाव सांगितलं. दोन अक्षरी, मराठीत आणि गुजरातीत सारखंच. ते मी इथे लिहीत नाही. बायकोनं ते एकदा हळूच उच्चारून बघितलं, मग मी, मग मुलानं. "छान आहे गं," बायको म्हणाली. सून म्हणाली, "हो ने?" आणि पुढची शेंग उचलली.